तट्टांना झटक्याचं कुंपण

प्रश्न : भुईगावला आमची दोन तट्टं आहेत. पावसाळ्यात चरायला सोडताना तात्पुरतं झटक्याचं कुंपण चालेल का? – एक वाचक, वसई

उत्तर : चालेल, पण घरच्या विजेची तार कुंपणाला थेट कधीच जोडू नका. जनावर मरेल, माणूसही. 12 व्होल्टच्या बॅटरीवरचं झटका मशीन घ्या; ते सेकंदाला साधारण एक क्षणिक झटका देतं. बारीक तार उधळलेल्या तट्टाला दिसत नाही, पाय कापतो. त्याऐवजी झटक्याच्या कुंपणाची रुंद पांढरी पट्टी बांधा, दोन ओळींत, वरची छातीइतकी उंच. आपल्याकडे खरा वैरी गवत! ओलं पातं पट्टीला टेकलं की झटका जमिनीत मुरतो. खाऱ्या हवेनं जोडही गंजतात. पहिले दोन दिवस तट्टांजवळ थांबा. आणि रस्त्याच्या बाजूला मराठीत धोक्याची पाटी लावाच.