एक मेंदू, दोन कामे

उत्तनजवळच्या चौक गावात बांबूंवर बोंबील सुकत घालणारी कोळीण तुम्ही पाहिली आहे का? मासळी टांगता टांगता ती मध्येच उठते, चुलीवरचा भात हलवते, गिऱ्हाइकाचे पैसे मोजून घेते आणि पुन्हा नेमक्या त्याच बांबूपाशी येते. एका क्षणी काम एकच; पण कोणते काम कोठवर आले होते, हे ती विसरत नाही.

१९८१ साली निघालेल्या आयबीएम पीसीचेही असेच होते. त्यातला इंटेल ८०८८ हा प्रक्रियक एका वेळी एकाच प्रोग्रामच्या आज्ञा पाळी. मग १९८३ च्या डॉस २.० मध्ये तुम्ही पत्र लिहीत असताना दुसरा मजकूर छापला जाई, तो कसा?

संगणकात एक निराळा काळमापक असे. तो सेकंदाला सुमारे १८.२ वेळा प्रक्रियकाला इशारा देई. प्रक्रियकाच्या घड्याळाचे ठोके सेकंदाला ४७ लाख ७० हजार. भागाकार करून पाहा: दोन इशाऱ्यांमध्ये सुमारे २ लाख ६२ हजार ठोके! तेवढ्या वेळात सेकंदाला ८० अक्षरे छापणारा प्रिंटर जेमतेम चार-पाच अक्षरे छापी. म्हणजे त्याला मजकूर पुरवूनही भरपूर वेळ उरे.

इशारा येताच प्रक्रियक पुढच्या आज्ञेचा पत्ता स्मृतीतल्या 'स्टॅक' नावाच्या जागी ठेवी. छपाईचा प्रोग्राम चार अक्षरे पुढे सरकवी. मग ठेवलेला पत्ता उचलून पत्राचे काम सुरू. तुम्हाला पत्ताही लागत नसे.

खरी अडचण डॉसची होती. ते एका वेळी एकच काम करण्यासाठी लिहिलेले. डिस्कवर पत्र अर्धवट लिहिले असताना छपाईच्या प्रोग्रामनेही डिस्क मागितली, तर पहिल्या कामाच्या खुणा पुसल्या जात. म्हणून डॉस स्मृतीत 'मी कामात आहे' अशी खूण ठेवी आणि शहाणा प्रोग्राम ती पाहून थांबे. सगळेच शहाणे नसत! स्मृतीला कुंपण नव्हते. एक प्रोग्राम बिघडला की सारे यंत्र ठप्प आणि न साठवलेले पत्र गेलेच.

१९८५ च्या विंडोज १.० मध्ये प्रोग्रामने आपण होऊन पाळी सोडायची असे. हट्टी प्रोग्राम ती सोडीतच नसे. त्याच वर्षीच्या अमिगा संगणकात पाळी काढून घेण्याचा अधिकार यंत्रणेकडे आला. कुंपण मात्र तिथेही नव्हते.

आता एक कोडे. पीसीच्या काळमापकाने सेकंदाला १८,००० इशारे दिले, तर दोन इशाऱ्यांमध्ये उरतील अवघे २६५ ठोके. खुणा ठेवायला आणि उचलायला मिळून शंभराहून अधिक ठोके लागतात. मग पत्र किती वेगाने लिहिले जाईल?