डोंगरातलं आमचं घर

मंडळी, आज एका घराची गोष्ट वाचू. हे घर आता दिसत नाही. ते पाण्याखाली आहे. पण घरातली माणसं आठवण ठेवून आहेत. त्यांतलीच मी एक. गोष्ट मीच सांगते. सावकाश वाचा. अडलं तर थांबा, पुन्हा वाचा.

घर कुठं होतं

सातारा जिल्ह्यात पाटण तालुका आहे. तिथं सह्याद्रीच्या डोंगरात कोयना नदीचं खोरं आहे. कोयना महाबळेश्वरी उगवते. आधी दक्षिणेकडं वाहते. हेळवाकजवळ ती पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. या खोऱ्यात, नदीच्या काठाला आमची वाडी होती. घरं तेरा. एक मारुतीचं देऊळ.

आमच्या घराच्या भिंती कुडाच्या होत्या. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि त्यांवर शेणमाती लिंपायची. वर गवताचं छप्पर. पुढं ओटी, मधे माजघर, एका अंगाला गोठा. गुरं आणि माणसं एकाच छपराखाली निजत. थंडीत गुरांची ऊब माणसांना लागे. माजघरात जमिनीत पुरलेलं दगडी उखळ होतं. आजी म्हणायची, "ह्ये उखाळ आधी, घर मागनं."

घरात आजी होती. माझे वडील आणि चुलते, दोघं भाऊ. चुलत्यांना आम्ही तात्या म्हणत असू. आई, काकी आणि आम्ही पोरं. वडील मुंबईला गोदीत ओझी उचलायला जात. आमच्या डोंगरातले पुष्कळ गडी असेच मुंबईला जात. शेत थोडं, खाणारी तोंडं जास्त. मग काय करणार?

पावसाळ्याची तयारी

कोयनेच्या खोऱ्यात पाऊस फार. वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. एकदा लागला की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही.

म्हणून उन्हाळ्यातच सगळी तयारी करावी लागे. बायका डोंगरातून लाकूडफाटा आणीत. तो माळ्यावर रचीत. गोवऱ्या थापून वाळवीत. तात्या छपरावर नवं गवत घालीत. आजी बांबूच्या काड्या आणि पानं घेऊन इरली विणी. डोक्यावर इरलं घेतलं की दोन्ही हात लावणीला मोकळे राहतात.

शेतात राब भाजायचा. म्हणजे पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून जाळायचं. त्या राखेत भाताचं आणि नाचणीचं बी पेरायचं. रोप जोमानं येतं. मग पाऊस झाला की लावणी. नाचणीची भाकरी, वरीचा भात, रानातली भाजी. हे आमचं जेवण. आखाडात कणगीचा तळ दिसू लागे. तेव्हा आजी सगळ्यांना वाढून शेवटी बसे. "माझं प्वाट भरलंय," म्हणे. ते खोटं होतं, हे मला मोठेपणी कळलं.

कोपरा फाटलेलं कार्ड

१९५८ सालची गोष्ट. मी सहा वर्षांची होते. श्रावण लागला होता. भर पावसात टपालवाला आला. एक कार्ड देऊन गेला. कार्ड भिजलेलं होतं आणि त्याचा एक कोपरा फाटलेला होता.

तुम्हांला ठाऊक आहे, मरणाची बातमी कळवायची तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची रीत होती. कार्ड पाहिलं आणि काकीनं हंबरडा फोडला. मुंबईहून कार्ड, कोपरा फाटलेला. म्हणजे माझे वडील गेले! वाडीतल्या बाया जमल्या. एकीनं तर आईच्या बांगड्यांना हात घातला.

तेवढ्यात आजी उठली. तिचाच लेक. पण तिनं त्या बाईचा हात धरला. म्हणाली, "कागुद वाचल्याबिगर माझ्या सुनंचं कुक्कू पुसायचं न्हाई."

पण वाचणार कोण? आमच्या तेरा घरांत एकालाही अक्षर येत नव्हतं. वाचणारे मास्तर तीन मैलांवरच्या गावात. मधे ओढा, आणि ओढ्याला पूर. दोन दिवस पूर उतरला नाही. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. आई खांबाला टेकून बसली होती. ती रडतही नव्हती.

तिसऱ्या दिवशी तात्या छातीएवढ्या पाण्यातून ओढा ओलांडून गेले. दुपारी परत आले ते लांबूनच ओरडत आले, "खुशाल हाय! दादा खुशाल हाय!"

कार्डात लिहिलं होतं, "मी खुशाल आहे. गौरीच्या सणाला येतो. छपराच्या गवताला दहा रुपये पाठवतो." एवढंच. कोपरा टपालाच्या ओल्या थैलीत फाटला होता.

त्या रात्री आई आजीला म्हणाली, "आत्ती, चार अक्षरांपायी मी दोन दीस मेल्यावानी हुते. मला वाचाया शिकायचंय."

आजी हसली. "लेकुरवाळी तू. आता पाटी घिऊन बसतीस व्हय?"

आई शिकली

पुढच्याच वर्षी, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. मोठ्या माणसांना लिहावाचायला शिकवण्याची ही मोहीम. गावोगावी रात्रीचे वर्ग भरू लागले. पुढं ही मोहीम साऱ्या महाराष्ट्रात गेली.

आमच्या वाडीतही मारुतीच्या देवळात कंदील लावून वर्ग बसू लागला. आई भाकऱ्या उरकून जाई. आधी बाया हसल्या. मग त्याही एक-एक करून येऊ लागल्या. आई चुलीपुढच्या राखेत बोटानं अक्षरं गिरवी. भाकरी थापता थापता पुटपुटे. मीही तिच्याबरोबर शिकले. आमच्या दोघींची एकच पाटी होती.

तात्या मात्र वर्गाला गेले नाहीत. म्हणाले, "म्हाताऱ्या बैलाला आता नवं औत शिकवू नगा."

घर सोडलं

तेव्हा कोयनेवर धरणाचं काम चालू होतं. १०३ मीटर उंचीचं धरण. नदीचं पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेला कोकणाच्या बाजूला न्यायचं, उंचावरून खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची. ही वीज गिरण्यांना, कारखान्यांना, शहरांना लागणार होती. देशाला तिची गरज होती, हे खरं. पण पाणी साठायला जागा लागते. ती जागा म्हणजे आमचं खोरं. खोऱ्यातली कितीतरी गावं उठली. माणसं सोलापूर, सांगली, रत्नागिरी, कुलाबा, ठाणे अशा जिल्ह्यांत पांगली. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा.

आमच्या घरात दोन भावांची दोन मतं झाली. वडील म्हणाले, "सपाटीला जमीन मिळतीय. जाऊ या. पोरांना शाळा मिळंल." तात्या म्हणाले, "मी डोंगुर सोडणार न्हाई. पाण्याच्या वर सरकंन, पण हितंच ऱ्हाईन."

दोघं महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत. एका ताटात जेवणारे भाऊ. आजी कुणाची बाजू घेईना.

१९६१ च्या उन्हाळ्यात आम्ही निघालो. आजी आमच्याबरोबर आली. तिनं जातं घेतलं. नाचणीचं बी फडक्यात बांधून घेतलं. दोन इरली घेतली. उखळ जमिनीत पुरलेलं, ते कसं नेणार? आजीनं उखळाला हळद-कुंकू वाहिलं आणि मागं न बघता चालू लागली. तात्या वेशीपर्यंतही आले नाहीत. गोठ्यात तोंड लपवून बसले होते, असं काकीनं मागनं सांगितलं.

नवा गाव

आम्ही सोलापूर जिल्ह्यात आलो. तिथं डोंगर नाही. जिकडं बघावं तिकडं सपाट रान. पाऊस वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. मृग लागला तशी आजी इरलं घेऊन दारात बसली. मृग गेला. आर्द्रा गेल्या. पाऊस नाही. शेजारीण म्हणाली, "आजी, ह्ये काय सूप हाय काय?" आम्ही सगळे हसलो. आजीही हसली. मग आत जाऊन डोळे पुसले.

नाचणीचं बी उगवलं, पण पाण्यावाचून करपलं. आम्ही ज्वारी पेरायला शिकलो. ज्वारीची भाकरी थापायला शिकलो. पोरं शाळेत जाऊ लागली. हळूहळू रुळलो. पण सहा वर्षं तात्यांचं पत्र नाही, निरोप नाही.

१९६४ साली धरण पुरं झालं.

भूकंप

११ डिसेंबर १९६७. पहाटे साडेचारच्या आधी भूकंप झाला. आमच्या नव्या गावात शिंकं हललं, भांडी वाजली, एवढंच. पण सकाळी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी आली. कोयनानगर उद्ध्वस्त झालं होतं. आसपासच्या गावांत घरं पडली होती. दीडशेहून अधिक माणसं मेली होती.

वडिलांचा चेहरा पांढरा पडला. ते त्याच दिवशी पाटणला निघाले. आजी दारात बसली ती उठेना. "रुसलेला ल्योक," एवढंच म्हणे.

आठवड्यानं टपालवाला आला. कार्ड होतं. आजीनं आधी त्याचे चारी कोपरे बोटांनी चाचपले. चारी कोपरे शाबूत होते. मी सातवीत शिकत होते. वाचायला मी हात पुढं केला. आजी म्हणाली, "तू न्हाई. तुझी आय वाचंल."

आईनं पदराला हात पुसले आणि मोठ्यानं वाचलं. अक्षरं वेडीवाकडी होती. ओळी चारच होत्या.

"आईस दंडवत. मागली भिंत पडली. म्हस गेली. माणसं समदी वाचली. दादाला सांगा मी रुसलो न्हाई. मी लिवाया शिकलो. ह्ये माझं पैलं पत्र."

खाली तात्यांचं नाव होतं. त्यांच्याच हाताचं.

आजीनं कार्ड घेतलं. उलटं धरलं, सुलटं धरलं. मग आईला म्हणाली, "ह्यात त्येचं नाव कुटं हाय त्ये बोट ठिवून दाव." आईनं तिचं बोट धरून नावावर ठेवलं. आजी कितीतरी वेळ ते बोट उचलीना.

पुन्हा घरी

पुढं दोन्ही भावांची ये-जा सुरू झाली. १९७६ साली महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला. आमचं उठणं त्याच्या आधीचं. पण कागद वाचता येत होता, म्हणून आई कोणत्याही कागदावर वाचल्यावाचून सही करीत नसे. वडिलांनाही करू देत नसे.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं. एका वर्षी ते फार खाली गेलं. तात्यांनी कळवलं, "जोतं दिसतंय. या." तोवर आजी वारली होती. आम्ही गेलो. चिखल वाळून भेगाळला होता. घराचं जोतं ओळखू आलं. माजघराच्या जागी आई वाकली. हातानं गाळ काढू लागली. खाली उखळ होतं. जसं ठेवलं तसंच.

आईनं ते उचललं नाही. दोन्ही भाऊ जवळ उभे होते. तीही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ह्ये पुन्यांदा पान्यात जाईल. मी लिवून ठिवते."

घरी आल्यावर तिनं एक वही केली. त्या वहीतून मी ही गोष्ट तुम्हांला सांगितली.

शब्दांचे अर्थ

राब – जमीन भाजून केलेली रोपांची जागा.
इरलं – पावसात डोक्यावर व पाठीवर घेण्याचं बांबू-पानांचं आच्छादन.
कणगी – धान्य साठवण्याची बांबूची मोठी टोपली.
जोतं – घराचा दगडी पाया.

विचार करा

१. आजीनं सुनेचं कुंकू का पुसू दिलं नाही?
२. तात्या आधी वर्गाला गेले नाहीत. मग का शिकले असतील?
३. पत्र वाचायला आजीनं नातीला नको म्हणून सुनेलाच का सांगितलं?

आता तुम्ही लिहा

एक वही घ्या. पहिल्या पानावर आपल्या घराचं नाव, गाव आणि तालुका लिहा. दुसऱ्या पानावर घरातल्या थोरामोठ्यांची नावं लिहा. ठाऊक नसतील तर म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना विचारलेलं आवडतं. तिसऱ्या पानावर घरातल्या एका जुन्या वस्तूविषयी पाच ओळी लिहा. जातं असेल, पाटा असेल, घोंगडं असेल. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. तात्यांचंही वाकडंच होतं.

आणि तुमचं कुणी माणूस लांब असेल, तर आजच त्याला चार ओळींचं पत्र लिहा. आपल्या हातानं लिहा.