खेळापुरते ग्राफिक्स कार्ड



गेल्या वर्षी नाताळच्या सुटीनंतर आमचा एक विद्यार्थी खिन्न मुद्रेने आम्हांस भेटावयास आला. त्याचे वडील मोटारसायकल पायलट. उन्हापावसात भाडी करून साठविलेल्या पैशांतून त्यांनी मुलाच्या संगणकासाठी एक मोठे ग्राफिक्स कार्ड घेऊन दिले होते. परंतु खेळ सुरू होऊन दहा मिनिटे झाली की संगणक आपोआप बंद पडे. चौकशीअंती कळले, की एवढ्या कार्डाला लागणारी वीज देण्याचे सामर्थ्य संगणकातील पॉवर सप्लायमध्ये नव्हते. तो बदलण्यासाठी पुन्हा खर्च आला. आणि हा मुलगा खेळत काय असे? बुद्धिबळ आणि माइनक्राफ्ट! त्यांसाठी त्या कार्डाची आवश्यकताच नव्हती.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्रातील अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु त्या बापाचा चेहरा पाहिल्यावर या विषयाचा थोडा अभ्यास करणे हे आम्हांस आमचे कर्तव्य वाटले. त्याचे सार येथे देत आहोत.

प्रथम कार्डाचे कार्य समजून घेऊ. संगणकाचा पडदा म्हणजे असंख्य चित्रबिंदूंची जाळी होय. १९२० आडवे व १०८० उभे बिंदू असलेल्या नेहमीच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. खेळातील हालचाल सुरळीत दिसावी म्हणून चित्र सेकंदास ६० वेळा नव्याने रंगवावयाचे म्हटले, तर दर सेकंदाला १२,४४,१६,००० बिंदूंचे रंग ठरवावे लागतात. देवळाच्या जत्रेला अंगणात भव्य रांगोळी घालतात, तेव्हा आकृती आखणारा कलावंत एक असतो. पण रंग भरण्यास शंभर हात लागतात. संगणकातील मुख्य प्रोसेसर हा तो कलावंत, आणि ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे ते शंभर हात. एनव्हिडिया कंपनीने १९९९ साली जीफोर्स २५६ हे कार्ड आणले, तेव्हापासून या भागाचे ‘जीपीयू’ हे नाव रूढ झाले.

हे हात प्रत्येक वेळी वेगळे विकत घ्यावे लागतात असे मात्र नाही. २०११ पासून इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांच्या अनेक प्रोसेसरांत ते एकाच चकतीवर अंतर्भूत असतात. उदाहरणार्थ, २०२१ साली आलेल्या एएमडीच्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरात रेडिऑन ग्राफिक्स आहे. याउलट, इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाअखेर ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांत ही सोय नसते. म्हणून खरेदीपूर्वी स्वतःस पुढील चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : आपण खेळतो काय? बुद्धिबळ, माइनक्राफ्ट किंवा साध्या संगणकांवरही चालावा अशा बेताने रचलेला व्हॅलोरंट, एवढ्यापुरते अंतर्भूत ग्राफिक्स बहुधा पुरे होते. मात्र ते संगणकाच्या सामायिक रॅमवरच चालते. म्हणून रॅमची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी योग्य खाचेत बसवावी. डेटा वाहून नेणारा मार्ग दुप्पट रुंद होतो, आणि अल्प खर्चात खेळाचा वेग लक्षणीय वाढतो.

दुसरा प्रश्न : पडदा केवढा? ३८४० बाय २१६० बिंदूंच्या पडद्यावर वरील संख्येच्या चौपट बिंदू असतात. त्यामुळे कार्डावरील भारही फार वाढतो. हौशी खेळाडूस १९२० बाय १०८० पुरेसे आहे.

तिसरा प्रश्न : वीज किती? मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. २०१९ साली आलेले जीटीएक्स १६५० तेवढ्यातच भागविते. म्हणून त्याच्या बऱ्याच नमुन्यांना वेगळी तार लागत नाही. परंतु २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ला ४५० वॅट लागतात. आमच्या विद्यार्थ्याने हा एक प्रश्न विचारला असता, तर पुढचा सारा मनस्ताप टळला असता.

चौथा प्रश्न : नावातील आकड्यांचा अर्थ काय? एनव्हिडियाच्या अशा चार आकडी नावांत पहिले दोन आकडे पिढी दाखवितात व शेवटचे दोन त्या पिढीतील श्रेणी. म्हणूनच ४०६० ही संख्या मोठी असली, तरी २०२० चे ३०८० हे तिच्याहून वेगवान आहे. केवळ स्मृतीच्या आकड्यावरही भुलू नये. २०२१ च्या ३०६० मध्ये १२ गिगाबाइट स्मृती होती, तर २०२३ च्या ४०६० मध्ये ८ गिगाबाइट. तरीही सामान्यतः ४०६० च वेगवान ठरते, आणि वीजही कमी घेते. मात्र नवे अवजड खेळ उच्च दर्जाच्या चित्रांसह खेळावयाचे झाल्यास ८ गिगाबाइट अपुरे पडू लागतात. तात्पर्य, आपल्या खेळावर त्या कार्डाची प्रत्यक्ष चाचणी कशी झाली, हे पाहूनच निर्णय घ्यावा.

आणखी दोन सूचना. लॅपटॉपमधील ग्राफिक्स मागाहून सहसा बदलता येत नाही; तेथे विचार आधीच व्हावा. आणि नवे कार्ड बसविल्यावर पडद्याची तार मदरबोर्डला न जोडता कार्डालाच जोडावी. नाहीतर पैसे खर्च होऊनही काम जुनेच हात करीत राहतील!

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे आपले वडीलधारे सांगत आले. आम्ही त्यास एवढीच जोड देऊ, की अंथरूण मोठे असले तरी पाय किती लांब आहेत हेही एकदा पाहावे. तुम्ही खेळू नये असे आम्ही म्हणत नाही. खेळात आनंद आहे आणि तो तुमचा हक्क आहे. परंतु ज्या पैशांनी तो विकत घ्यावयाचा, ते कोणाच्या घामाचे आहेत, याचे स्मरण दुकानाच्या पायरीवर अवश्य असावे.

तो विद्यार्थी यंदा दहावीस आहे. कार्ड घेऊ पाहणारे त्याचे मित्र आता प्रथम त्याच्याकडे जातात, आणि तो त्यांना आधी विचारतो, “तू खेळतोस काय?”