पहाटेचा धूर कोणत्या रंगाचा?



गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीतल्या एक मावशी अडीच वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन माझ्याकडे आल्या. पोराला दर चार-आठ दिवसांनी दवाखान्यात नेऊन वाफ द्यावी लागत होती. चिठ्ठ्या, एक्स-रे, रिकाम्या बाटल्या, सगळे पिशवीत होते. मी विचारले, "मावशी, खोकल्याची उबळ कधी येते?" त्या म्हणाल्या, "समोरची गाडी चालू झाली की. पाचला."

ही गोष्ट एकाही चिठ्ठीवर नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती. मीही बरीच वर्षे लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली आहे. खरे सांगायचे तर तेव्हा मीही विचारत नव्हते. आईला "धुरापासून दूर ठेवा" म्हणायचे आणि पुढच्या खाटेकडे वळायचे. दहा बाय बाराच्या खोलीतले मूल दूर ठेवायचे कुठे, हा विचार वस्तीत काम करू लागल्यावर डोक्यात आला.

समोरची गाडी म्हणजे ट्रक. मालक-ड्रायव्हर एकच, आपल्यातलेच. कर्जाची गाडी, हप्ता चालू. रस्त्यावर ठेवली की बॅटरी आणि डिझेल चोरीला जाते, म्हणून गल्लीच्या तोंडाशी, घरांना लागून उभी. धुरावरून दोन घरांत आधीच बोलणे बंद झाले होते. मी भांडायला गेले नाही. पाच वाजता टॉर्च आणि मोबाइल घेऊन गेले.

"सिस्टर, गाडी गार असते, सकाळी धूर मारणारच," भाऊ म्हणाले.

"मारणार हो. पण किती वेळ, आणि कोणत्या रंगाचा, ते बघू या."

मोबाइलवर वेळ लावली. अकरा मिनिटे पांढराशुभ्र धूर निघत होता. डोळे चुरचुरत होते, आणि गाडी जागची हललेली नव्हती.

माझा भाऊ गॅरेजमध्ये आहे. त्याच्याकडून मी हे समजून घेतले, आणि मला ते ताप बघण्यासारखे वाटले. ताप हा आजार नसतो, आजाराची खूण असते. धुराचेही तसेच. रंग, वेळ आणि वास या तीन गोष्टी बघितल्या की इंजिनाला काय झाले आहे याचा बराच अंदाज येतो.

पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती आकसून सोळा-सतरा पट लहान होते आणि ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सुटतो आणि आपोआप पेटतो. आता पहाटेचा विचार करा. रात्रभर गार पडलेले लोखंड ती उष्णता शोषून घेते. बॅटरी उतरलेली असेल तर सेल्फ हळू फिरतो, हवा नीट दाबली जात नाही. फवारा अर्धवट पेटतो. उरलेले डिझेल बारीक थेंबांच्या रूपात तसेच सायलेन्सरमधून बाहेर पडते. पांढरा धूर बहुतेक वेळा हाच असतो, न जळलेले डिझेल. डोळ्यांत पाणी येते, घसा खवखवतो, लहान मुलाची श्वासनळी आवळते, ते यातल्या उग्र वायूंमुळे.

चांगल्या इंजिनाचा हा धूर मिनिट-दोन मिनिटांत विरतो. पाच मिनिटे झाली तरी जात नसेल, इंजिन थरथरत असेल, मेकॅनिक म्हणतात तसे मिसिंग करत असेल, तर काहीतरी बिघडले आहे. आधी बॅटरी आणि सेल्फ बघायचे. मग नोझल. नोझल घासली की फवारा मारायच्या ऐवजी डिझेल टपकवते, आणि टपकलेले डिझेल गार इंजिनात पेटत नाही. ज्या इंजिनाला हीटर प्लग असतात तिथे तेही तपासायचे. सगळे ठीक असूनही धूर राहिला तर इंजिनाचे कॉम्प्रेशन गेले असण्याची शक्यता असते, आणि ते खर्चाचे काम आहे.

पांढऱ्या धुराचा दुसरा प्रकार पाण्याचा. थंडीत सायलेन्सरमधून थोडी वाफ येते, ती लगेच हवेत नाहीशी होते, त्याची काळजी नको. पण इंजिन गरम झाल्यावरही वाफ येतच राहिली, गोडसर वास आला आणि रेडिएटरमधले पाणी रोज कमी होऊ लागले, तर हेडचे पॅकिंग गेले असावे. कूलंट सिलिंडरमध्ये उतरते आहे. अशी गाडी लांबच्या खेपेला नेऊ नये. घाटात इंजिन जाम झाले तर प्रश्न खोकल्याचा राहत नाही.

दोन्हींतला फरक कळायला भावाने एक साधी युक्ती सांगितली. लांब काठीला कोरडा पुठ्ठा बांधायचा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर अंतरावर क्षणभर धरायचा. पाण्याचे डाग वाळून जातात. डिझेलचा डाग तेलकट राहतो आणि वास सोडत नाही. हात किंवा तोंड मात्र सायलेन्सरजवळ नेऊ नका. भाजलेले हात मी पुष्कळ बांधले आहेत.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. रात्रभरात वॉल्व्हच्या सीलमधून झिरपलेले ऑइल सकाळी पहिल्या झटक्यात जळते आणि धूर थांबतो, तर दुखणे सुरुवातीचे आहे. दिवसभर, चढावरही निळे निघत असेल तर रिंग-पिस्टन झिजले किंवा टर्बोचे सील गेले. ऑइलची पट्टी रोज गाडी चालू करण्याआधी काढून बघायची. आठवड्याला ऑइल टाकावे लागते आणि खाली कुठे गळत नाही, म्हणजे ते धुरातून घरांवर जाते आहे. उलट, जास्त भरलेले ऑइलही धूर करते, म्हणून "असू दे थोडे जास्त" करू नका.

काळा धूर सगळ्यांच्या ओळखीचा. डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर मातीने गच्च भरलेला असतो, वाळू-खडीच्या गाड्यांत तर फारच. टर्बोचा पाइप फाटलेला असतो, नोझल खराब असते. किंवा ओव्हरलोड ओढायला म्हणून पंप वाढवून घेतलेला असतो. गार इंजिनाला रेस दिली तर काळा लोट निघतोच, शिवाय ऑइल अजून वर चढलेले नसल्याने इंजिन आणि टर्बो झिजतात. म्हणजे सकाळी रेस देऊन गाडी गरम करणे शेजाऱ्यालाही वाईट आणि मालकालाही. एअर फिल्टरजवळ पेटता बोळा धरून गाडी चालू करणारेही मी पाहिले आहेत. तो खेळ करू नका.

काळ्या धुरातली काजळी फार बारीक असते, तिचे कण केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही लहान. नाकातल्या केसांना ते अडत नाहीत, फुप्फुसाच्या तळाशी जातात. ओला रुमाल बांधून त्यांना अडवता येत नाही. डिझेलचा धूर माणसाला फुप्फुसाचा कर्करोग करतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये दिला. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत त्याच गटात हा धूर आहे. एका सकाळीने कुणाला कर्करोग होत नाही. पण आपली पोरे त्याच गल्लीत लहानाची मोठी होतात, आणि ड्रायव्हर तर दिवसभर त्याच धुरात असतो.

१ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांना सायलेन्सरच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. त्यातून काळा धूर दिसायलाच नको. दिसला तर जाळी फुटली किंवा कुणीतरी काढून टाकली.

"माझ्याकडे पीयूसी आहे," असे भाऊंनी मला कागद दाखवून सांगितले. कागद खरा होता. पण पीयूसीची तपासणी इंजिन गरम झाल्यावर, रेस देऊन करतात. पहाटे पाचला गार इंजिन काय सोडते, ते त्या यंत्रात येत नाही. म्हणून पीयूसी असूनही पोर खोकते, यात कुणी खोटे बोलत नाही.

दिवसा तोच धूर वर जातो, वाऱ्याने पांगतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, वर हलत नाही. धूर गल्लीत साचतो आणि पत्र्याच्या फटीतून आत येतो. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेते, शिवाय खाली अंथरुणावर असते.

मग करायचे काय? गाडी चालू करून लगेच हलवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. ब्रेक हवेवर चालतात, टाकीत हवा भरेपर्यंत थांबावेच लागते. रात्रीत हवा कुठे गळत असेल तर जास्त वेळ लागतो, म्हणून ते गळतीचे कामही करून घ्यायचे. थांबणे चुकत नसेल तर जागा आणि दिशा बदलायची. बहुतेक ट्रकांचा सायलेन्सर ड्रायव्हरच्या बाजूला किंवा मागे तोंड काढतो. ते तोंड घरांकडे नको. तेवढ्या दहा मिनिटांत गल्लीकडची खिडकी लावून मागची उघडी ठेवा. बंद शेडमध्ये किंवा गोदामात इंजिन चालू ठेवू नका, आणि चालू ठेवून जवळ झोपू तर मुळीच नका. तिथे वास न येणारा कार्बन मोनॉक्साइड साचतो. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही त्याची खूण. लगेच मोकळ्या हवेत यायचे.

मुलाचा श्वास पोटावरून पूर्ण एक मिनिट मोजा, ते शांत असताना. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जोरात आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, ओठ निळे दिसतात, पाणी पीत नाही, यातले एकही दिसले तर सकाळची वाट बघू नका, मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांनी पंप लिहून दिला तर द्या. "पंपाची सवय लागते" हे मी रोज ऐकते. सवय लागत नाही. औषध थेट श्वासनळीत जाते, म्हणून ते पोटात घ्यायच्या औषधापेक्षा कमी मात्रेत पुरते. लहान मुलाला मात्र तो नळकांड्याला, म्हणजे स्पेसरला, मास्क लावून द्यायचा असतो. नुसता तोंडात दाबला तर औषध घशालाच चिकटते.

मावशींनी कॅलेंडरवर खोकल्याच्या दिवशी टिंब आणि पांढऱ्या धुराच्या दिवशी फुली मारायला सुरुवात केली. दोन आठवड्यांनी तेच कॅलेंडर मी भाऊंना दाखवले. ते काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी गाडी गॅरेजला नेली. बॅटरी उतरलेली होती आणि दोन नोझल टपकत होत्या. एका दिवसाचा खाडा झाला. आता पांढरा धूर दीड-दोन मिनिटांत थांबतो, डिझेलही कमी लागते असे ते सांगतात. गाडी नाल्याकडे तोंड करून, सायलेन्सर घरांपासून उलटा ठेवून उभी राहते, आणि गल्लीतली दोन पोरे आळीपाळीने तिच्यावर लक्ष ठेवतात. नातवाला डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ पंप सुरू केला. या हिवाळ्यात त्याला दोनदाच वाफ द्यावी लागली.

भाऊ स्वतः महिनाभर खोकत होते. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासायची, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. मी त्यांना घेऊन गेले. टीबी निघाला नाही. डॉक्टरांनी फुंकून फुप्फुसाची ताकद मोजण्याची तपासणी लिहून दिली आहे. येत्या सोमवारी खेप नाही, त्या दिवशी आम्ही जाणार आहोत.