आधी धुराचा रंग पाहा, मग इंजिन उघडा

उमरी, धर्माबाद, भोकर या भागात काही व्यापारी बंधूंकडे वडिलांच्या काळातील अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनी आजही आहे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले, पद्मिनीचे त्याच्याही कितीतरी आधी. थंड देशांत अशा गाड्या बर्फाच्या दिवसांत झाकून ठेवतात. आपल्याकडे काळ्या मातीच्या चिखलामुळे त्या पावसाळ्यात उभ्या राहतात. चार महिन्यांनी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून धूर निघतो आणि कोणीतरी लगेच सांगतो, "इंजिन गेले, बोरिंग करा." या एका वाक्यावर हजारो रुपये खर्च होतात. कापडाचे थान कापण्यापूर्वी आम्ही ते दोनदा मोजतो, कारण कापलेले परत जोडता येत नाही. इंजिन उघडतानाही हाच नियम पाळावा.

चालू करण्यापूर्वी : एअर फिल्टरमध्ये उंदरांनी घर केले नाही ना, ते पाहावे. ऑईलची पट्टी काढून तपासावी. ऑईल वाढलेले असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल ऑईलमध्ये उतरल्याची शक्यता असते. अशा वेळी गाडी चालू करू नये. सर्व ठीक असल्यास प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑईल सोडावे. मग चावी बंद ठेवून, टॉप गियरमध्ये गाडी हळूहळू ढकलावी, म्हणजे आवळलेले पिस्टन मोकळे होतात. बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालवू नये. त्या धुरातील विषारी वायूला वास नसतो आणि त्याने माणसाचा जीव जातो.

पांढरा धूर : सायलेन्सरमध्ये साचलेल्या ओलाव्याची वाफ दहा-पंधरा मिनिटांत निघून जाते, तिची चिंता नको. इंजिन गरम झाल्यावरही धूर राहिला, रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले आणि ऑईल दुधट दिसले, तर हेड गॅसकेट तपासावी. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. डिझेल गाडीत थंड असताना डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. तेथे हीटर प्लग व इंजेक्टर पाहावेत.

निळा धूर : हे ऑईल जळत असल्याचे लक्षण आहे. सिलिंडरमध्ये सोडलेले ऑईल सुरुवातीला जळणारच. त्यानंतरही रोज फक्त चालू करताना निळा धूर येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले असावेत. ॲक्सिलरेटर दाबताच सतत येत असेल, तर पिस्टन रिंगवर संशय घ्यावा. उभ्या गाडीत रिंगा चिकटतात. ऑईल बदलून शंभर-दीडशे किलोमीटर बेताने चालवल्यास त्या पुष्कळदा सुटतात. तरीही धूर राहिला तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा, न वाढला तर बहुधा व्हॉल्व्हचा किंवा गॅसकेटचा. बोरिंगचा निर्णय या मोजमापानंतरच घ्यावा. केवळ सील बदलण्याचा खर्च बोरिंगपेक्षा फार कमी येतो.

काळा धूर : पेट्रोल जास्त आणि हवा कमी. अडकलेला चोक, तुंबलेला फिल्टर किंवा जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने अडकलेली कार्बोरेटरची सुई, ही नेहमीची कारणे आहेत. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा ओढते आणि जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब करते. म्हणून गाडी उभी करण्यापूर्वी कार्बोरेटर रिकामा करावा आणि पाइप दरवर्षी तपासावेत.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. धूर दबावा म्हणून घट्ट ऑईल भरून गाडी विकण्याची युक्ती बाजारात चालते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले. ओला माल वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्यापासून आपला संबंध तोडला. गाडीचा धूरही त्या ओल्या धान्यासारखाच आहे. दोष सांगून विकल्यास किंमत चार पैसे कमी येईल, पण ती कमाई हलाल असेल आणि गिऱ्हाईक पुन्हा आपल्याच दुकानाची पायरी चढेल.