रेस का लागत नाही?

मुळशी तालुक्यात पाऊस दणकून पडतो. खाचरात भात वाढते, तसे बांधावर आणि अंगणात गवतही माजते. पौड, पिरंगुट, भूगाव या भागांत आता बंगले आणि सोसायट्या उभ्या आहेत. त्यांच्यापुढे हिरवळ राखलेली असते. ती कापायला पेट्रोलचे यंत्र असते. आपल्यातले कितीतरी जण या कामाला जातात. यंत्र चालले तर हजेरी भरते. यंत्र बसले तर दिवस बुडतो.

पुष्कळदा यंत्र सुरू होते, पण रेस घेत नाही. कधी आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. कधी यंत्र एकाएकी सुसाट सुटते. मग शेजारचा कोणी म्हणतो, "दादा, ती स्प्रिंग ताणा की जरा, पळेल मग!" हा सल्ला ऐकू नये. का ऐकू नये, ते या धड्यात पाहू.

रेस म्हणजे काय?

इंजिनाला पेट्रोल आणि हवा दोन्ही लागतात. त्यांचे मिश्रण कार्बोरेटरमध्ये होते. कार्बोरेटरच्या नळीत एक गोल चकती असते. ती उघडली की जास्त मिश्रण आत जाते आणि इंजिन जोर धरते. मिटली की जोर कमी होतो. या चकतीला थ्रॉटल म्हणतात. पाटाच्या पाण्याला जशी फळी, तशी इंजिनाला ही चकती.

पण गवताच्या यंत्रात चकतीचे दोन धनी असतात. एक स्प्रिंग आणि दुसरा गव्हर्नर. आपण रेसचा दांडा ओढतो तेव्हा स्प्रिंग ताणली जाते. स्प्रिंग चकती उघडू पाहते. वेग वाढला की गव्हर्नर ती मिटू पाहतो. जत्रेतल्या फिरत्या पाळण्याचे झोके वेग वाढला की बाहेर फेकले जातात ना? तशीच काही गव्हर्नरांत छोटी वजने असतात. ती बाहेर सरकली की चकती मिटायला लागते. दाट गवत आले की वेग उतरतो, वजने आत येतात, चकती पुन्हा उघडते. असे हे आपोआप चालते.

ही युक्ती जुनी आहे. जेम्स वॉट यांनी १७८८ साली वाफेच्या इंजिनाला असा गव्हर्नर बसवला. आपल्या मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे जाते. तिथे १९२७ सालापासून वीज तयार होते. पाण्यावर चालणाऱ्या वीजघरातही चाकाचा वेग सांभाळायला गव्हर्नरच लागतो. विजेची मागणी वाढली की पाण्याची धार मोठी, मागणी घटली की धार लहान.

आधी जीव, मग यंत्र

यंत्र बंद करा. इंजिन निवू द्या. प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा. टोपी काढल्याशिवाय पात्याजवळ हात नेऊ नका. बिडी-काडी लांब ठेवा. यंत्र कलते करायचे झाल्यास कार्बोरेटरची बाजू वर ठेवा, नाहीतर तेल फिल्टरमध्ये उतरते.

बाहेरून आत जा

दोष शोधायचा तो सोप्याकडून अवघडाकडे.

१. केबल पाहा. रेसचा दांडा हलवा आणि इंजिनाकडचे टोक बघा. दांडा हलतो पण टोक हलत नाही? मग केबल तुटली आहे, गंजली आहे किंवा चिमट्यातून निसटली आहे. चिमट्याचा स्क्रू आवळा. गंजलेल्या केबलीत तेलाचे थेंब सोडा. तुटली असेल तर नवी घाला. काही यंत्रांना रेसचा दांडा नसतोच. त्यांचा वेग कारखान्यातच ठरवलेला असतो. तिथे पुढच्या खुणेकडे वळा.

२. चोक पाहा. इंजिन तापल्यावर चोक पूर्ण उघडा हवा. काळा धूर येतो आणि इंजिन घुसमटते, तर चोक अर्धा मिटलेला असू शकतो.

३. एअर फिल्टर पाहा. कागदी फिल्टर हलका आपटून धूळ झाडा. तो पाण्यात घालू नका. फार मळला असेल तर बदला. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा. मग तेलाचे थोडे थेंब लावून पिळून बसवा.

४. पेट्रोल पाहा. थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढा. तळाला वेगळा थर दिसला तर त्यात पाणी आहे. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल ओल धरते आणि मुळशीची पावसाळी हवा तर ओलीच. म्हणून महिनोन् महिने टाकीत पडलेले पेट्रोल वापरू नये. यंत्र दहा मिनिटे चालून बंद पडते का? टाकीचे झाकण जरा सैल करून बघा. मग चालले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे.

५. कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. चोक अर्धा ओढला तरच इंजिन चालते, किंवा आवाज सारखा चढतो-उतरतो? मग पेट्रोल कमी पोचते आहे. बहुधा जेटच्या बारीक छिद्रात कचरा असतो. तो साफ करायच्या स्प्रेने काढा. तार घालू नका. तारेने छिद्र मोठे होते आणि कार्बोरेटर कायमचा बिघडतो. खोलायची सवय नसेल तर हे काम मेकॅनिककडे द्या.

यंत्र सुसाट सुटले तर

ताबडतोब बंद करा. प्लगची टोपी काढा. मग केबल अडकली आहे का, गव्हर्नरची दांडी निसटली आहे का, तिच्यात गवत गुंतले आहे का, ते पाहा. दोष सापडेपर्यंत यंत्र पुन्हा सुरू करू नका.

स्प्रिंग का ताणू नये?

थोडा हिशेब करू. अशी इंजिने मिनिटाला जास्तीत जास्त ३,६०० फेरे घेतील अशा बेताने बांधलेली असतात. म्हणजे सेकंदाला ६० फेरे. पाते ५० सेंटिमीटर लांब असेल, तर त्याचे टोक एका फेऱ्यात सुमारे १५७ सेंटिमीटर जाते. म्हणजे सेकंदाला ९४ मीटर! ताशी हा वेग ३३९ किलोमीटर होतो. या वेगाने उडालेला खडा डोळा फोडू शकतो.

आता स्प्रिंग ताणली तर गव्हर्नरचा लगाम सुटतो. वेग हद्दीबाहेर जातो. पाते तुटू शकते, आतला दट्ट्याचा दांडा मोडू शकतो. शिवाय मूळ दोष, मळका फिल्टर म्हणा की ओले पेट्रोल, तसाच राहतो. पोरेबाळे आसपास खेळत असतात. आपले पायही पात्यापासून हातभरावरच असतात.

मालक घाई करतील. तरी त्यांना नीट सांगावे, "साहेब, दहा मिनिटं द्या, दोष शोधतो." दहा मिनिटांनी हजेरी बुडत नाही. पाय गेला तर सगळ्या हजेऱ्या बुडतात.

आता सांगा

१. दांडा हलतो पण इंजिनाकडचे टोक हलत नाही. दोष कुठे आहे?
२. बाटलीतल्या पेट्रोलच्या तळाला थर दिसला. तो कशाचा?
३. जेटच्या छिद्रात तार का घालू नये?
४. तुमच्या यंत्राचे पाते मोजा. ते एका सेकंदात किती मीटर जाते, याचा हिशेब मांडा.