सतरा, आठ आणि पंचेचाळीस

सनावळ्या पाठ करण्याचा आमच्या विद्यार्थ्यांना फार कंटाळा. एखादी तारीख मोजपट्टी लावून मोजता आली तर त्यांना ती गोड वाटेल काय, हा प्रश्न जकार्ता येथील राष्ट्रीय स्मारकापाशी उभे असता आमच्या मनात आला. इंडोनेशियाने आपले स्वातंत्र्य १७ ऑगस्ट १९४५ रोजी घोषित केले. या स्मारकाचा पेल्यासारखा पसरट चौथरा जमिनीपासून १७ मीटर उंच आहे, त्याची लांबी व रुंदी ४५ मीटर आहे आणि तळघरातील वस्तुसंग्रहालयाची उंची ८ मीटर आहे. तारीख अशी बांधकामातच मुरविलेली आहे.

ज्या पटांगणात हे स्मारक उभे आहे, त्यास डच अमदानीत ‘राजाचे मैदान’ म्हणत. आता ते ‘मर्देका’ मैदान आहे. मर्देका म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’, म्हणजे मोठ्या समृद्धीचा धनी, यावरून आला. मात्र त्याचा प्रवास मोठा विलक्षण आहे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील व अन्य पोर्तुगीज वसाहतींतून नेलेले गुलाम व त्यांचे वंशज मुक्त झाले, की डच त्यांना याच शब्दावरून ‘मार्दायकर’ म्हणत. त्यांत आपल्या बाजूचीही माणसे असतील, या विचाराने आम्ही क्षणभर थबकलो.

चौथऱ्यावरील स्तंभासह स्मारक १३२ मीटर उंच असून शिरोभागी सोन्याने मढविलेली कांस्याची ज्योत आहे. जाणते लोक या रचनेत लिंग आणि योनी पाहतात. तेथील शेतकऱ्याला ती भात कांडण्याच्या उखळ-मुसळासारखी दिसते. आम्हांस दुसरी उपमा अधिक आवडली, कारण तसले उखळ आमच्या आजोळी होते! राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या हस्ते १९६१ साली कामास आरंभ झाला. स्मारक लोकांस खुले झाले ते १९७५ मध्ये. तोवर सुकार्नो सत्तेवरून दूर होऊन १९७० साली निवर्तलेही होते.

वर जाण्याच्या पाळण्यासाठी लांबलचक रांग होती. पुढे प्राथमिक शाळेची मुले होती. पांढरा सदरा, तांबडी चड्डी किंवा परकर, म्हणजे त्यांच्या राष्ट्रध्वजाचेच दोन रंग. वरून शहर दिसते हे खरे, पण आमचे मन रमले ते खालच्या स्वातंत्र्य-दालनात. तेथे विजयकुसुम नावाच्या फुलांची नक्षी असलेला सोनेरी दरवाजा यंत्राने हळूहळू उघडतो, आत घोषणेचा मजकूर दिसतो आणि सुकार्नोंचा आवाज ऐकू येतो. मुले एकदम गप्प झाली.

हा आवाज मात्र त्या दिवशीचा नव्हे. तो काही वर्षांनी मुद्रित केलेला आहे. ज्या घरासमोर घोषणा वाचली, ते घरही १९६०च्या सुमारास पाडले गेले. मग त्या दिवसाचे अस्सल असे उरले काय? जपानने शरणागती पत्करून दोनच दिवस झाले होते. १६ ऑगस्टच्या रात्री मायेदा नावाच्या जपानी नौदल अधिकाऱ्याच्या घरी सुकार्नो, हट्टा व सुबार्जो मसुदा करीत बसले. अवघी दोन वाक्ये, तीही खाडाखोड करून लिहिलेली! सयुती मेलिक यांनी ती टंकलिखित केली आणि हाताने लिहिलेला कागद टाकाऊ ठरून केराच्या टोपलीत गेला. तेथे हजर असलेल्या बी. एम. दिया या पत्रकाराने तो उचलून जपून ठेवला आणि १९९२ साली शासनाच्या स्वाधीन केला.

ही हकीकत ऐकल्यावर आम्ही पुन्हा त्या सोनेरी दरवाजापाशी गेलो. तो मिटलेला होता, आणि मुलांची दुसरी तुकडी जमिनीवर मांडी घालून तो उघडण्याची वाट पाहत बसली होती.